डॅशच्या पुढची जागा

गोळीबार चौकात, वाचनालयाच्या भिंतीवर
एक काळा फळा आहे, खालून पोपडे निघालेला.
त्यावर रोज सकाळी सहाला
वामनराव बारापात्रे थोरांचे विचार लिहायचे.
मधोमध ओळ. मग खाली, उजवीकडे,
पट्टीनं मारलेला लांब डॅश,
आणि थोराचं नाव, हातानं, जरा तिरकं,
जणू तो माणूस नुकताच बोलून उठून गेलाय.

माग बंद पडल्यावर त्यांनी हे काम घेतलं.
पगार नाही. खडूचे पैसे वाचनालयाकडे,
तेही दिवाळीपर्यंत थकलेले.
"चाळीस वर्षं नऊवारी विणली," म्हणायचे,
"आता एकओळी विणतो."

त्यांची एक जाड वही होती, कॅलेंडरच्या कव्हरची.
चारित्र्य, यश, वेळ, क्षमा
असे तिच्यात कप्पे, मसाल्याच्या डब्यासारखे.
मे महिन्यात यश फार वाढू नये, सांगायचे,
पंचेचाळीस डिग्रीत पचत नाही माणसाला.
मे मध्ये धीर द्यावा. सावली द्यावी.

तरी माझा बारावीचा निकाल लागला
त्या दिवशी फळ्यावर यशच होतं.
अपयश ही यशाची पायरी, वगैरे.
आमच्या घराला जिनाच नव्हता.
मी थुंकी लावून, शर्टाच्या बाहीनं,
ओळ पुसली, डॅश पुसला, थोर पुसला.
समोर टपरीवर वामनराव तर्री-पोहे खात होते.
चमचा तसाच हवेत.
काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा.
फक्त खाली, उजवीकडे, पट्टीनं मारलेला डॅश.
चौकात चर्चा: "खडू संपला का जी?"
"थोर संपले असतील बे."
"नाही," वामनराव म्हणाले,
"काल एका पोट्ट्यानं पुसलं. त्याचं म्हणणं
आधी ऐका लागन ना."

संध्याकाळी त्यांनी मला खडू दिला.
माझ्याजवळ विचार नव्हता. मी लिहिलं:
मला गणित येत नाही.
त्यांनी पुढे माझं नाव लिहिलं, मुकुंद हेडाऊ,
तिरकं, थोरांच्याच वळणात.

दिवसभर रिक्षावाले वाचत गेले.
मी घरात, कूलरच्या मागे तोंड लपवून.
पोहेवाल्या चंद्रकलाबाईंनी निरोप धाडला:
"मलेबी येत नाही. पण मोड बराबर देतो मी."
परवा तेच फळ्यावर आलं. डॅश, चंद्रकलाबाई.
मग सायकलच्या पंक्चरवाल्याचं आलं,
मग एका म्हातारीचं, जिला लिहिता येत नव्हतं
आणि जी म्हणाली, "माह्यं नाव नको, सून वाचते."
आठवड्यानं वामनराव पुन्हा थोरांकडे वळले.
त्यांचाही खाडा पडू नये म्हणाले.

मी ऑक्टोबरात सुटलो, दुसऱ्या खेपेला,
आता इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात
दिवसभर बेरजा करतो. चुकतात कधी कधी.
रविवारी मात्र फळा माझा.
वामनराव ओट्यावर बसून सांगतात.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नाही म्हणतात.
वही वाळवीनं खाल्ली, तीही उजव्या बाजूनं:
ओळी उरल्या, नावं गेली.
"हे कोणाचं?" मी विचारतो.
"कोणीतरी जगलं असन," ते म्हणतात, "तू लिही."

पट्टी तीच, मागाच्या फणीची एक पट्टी कापून केलेली.
मी ती टेकवतो, खडू ओढतो,
आणि पुढे काय लिहावं या विचारात
थोडा वेळ थांबतो.

"वाकडा आला," ते म्हणतात,
नुसत्या आवाजावरून.